सहाशे मिलिमीटर आणि बाउंड्रीची दोरी

सहाशे मिलिमीटरची लेन्स विकत घेताना आपण नेमकं काय विकत घेतो? दुकानात विचारलं तर एका शब्दात उत्तर मिळतं: ‘रीच’. म्हणजे पोहोच, लांबचं जवळ दिसणं. गेले चार महिने माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडी आहे. तिच्यात सात लेन्स आणि अकरा कॉलम आहेत, आणि ‘रीच’ हा त्यातला सगळ्यात ठळक कॉलम. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. काही ठरवायचं झालं की आधी टेबल बनवायचं ही सवयच आहे. पण या टेबलातून एक प्रश्न असा निघाला, जो कुठल्याच कॉलममध्ये बसेना. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

आधी थोडं गणित, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. समोरच्या दृश्याची किती रुंदी फोटोत मावेल, हे शाळेतल्या समरूप त्रिकोणांनी काढता येतं: ३६ भागिले फोकल लेन्थ, गुणिले अंतर. ४०० मिमीची लेन्स घेऊन २० मीटरवर थांबलात, तर फ्रेमची रुंदी येते १.८ मीटर. शेपूट सोडलं तर आडव्या उभ्या वाघाने फ्रेम भरून जाईल. आता ६०० मिमी घ्या. तीच १.८ मीटरची फ्रेम ३० मीटरवरून मिळते.

म्हणजे ४०० वरून ६०० वर जाताना मी १० मीटर विकत घेतो.

आता या १० मीटरचं करायचं काय? एक, तेवढं मागे सरकून आधीसारखाच फोटो काढायचा. दोन, होतो तिथेच थांबून वाघ फ्रेममध्ये आणखी मोठा करायचा. पैसे दोन्हीला सारखेच पडतात. लेन्स तीच, वाघ तोच. फरक पडतो तो फक्त वाघाला. आणि वाघ माझ्या एक्सेल शीटमध्ये कुठेच नव्हता.

टेबल काय सांगतं

जे या वाटेवर आहेत त्यांना टेबल पाठ असेल, तरी थोडक्यात सांगतो. २०१३-१४ च्या सुमारास टॅमरॉन आणि सिग्मा यांनी १५०-६०० मिमीचे झूम आणले आणि सहाशे मिलिमीटर हा आकडा पहिल्यांदा पगारदार माणसाच्या आवाक्यात आला. त्यानंतर सोनीचा २००-६०० (२०१९), कॅननचा १००-५०० (२०२०), निकॉनचा १८०-६०० (२०२३). यातले सहाशेवाले झूम साधारण दोन किलोचे आहेत, आणि लांब टोकाला त्यांचं ॲपर्चर एफ/६.३ असतं.

६०० ला ६.३ ने भागलं तर ९५ मिलिमीटर येतात. प्रकाश आत यायला एवढं भोक लागतं. एफ/४ हवं असेल तर तेच भोक १५० मिलिमीटरचं होतं, आणि काचेचा आकार, वजन, किंमत सगळंच त्याबरोबर वाढतं. म्हणून झूम दीड-पावणेदोन लाखांत येतो आणि ६०० एफ/४ प्राइम दहा लाखांच्या वर जाते. त्या पैशांत अडीच पट प्रकाश मिळतो. पहाटे सव्वासहाला, जेव्हा प्राणी हलत असतात आणि सूर्य अजून आळस देत असतो, तेव्हा हा अडीच पट प्रकाश म्हणजे सगळं काही असतं. १.४ एक्स एक्स्टेंडर लावला तर पोहोच वाढते, पण एक स्टॉप प्रकाश जातो. क्रॉप मोडमध्ये ६०० चे ९०० होतात, पण ४५ मेगापिक्सेलचे २० उरतात. सगळीकडे हाच हिशोब: एक घ्या, दुसरं द्या.

आणि एक गोष्ट कितीही पैसे देऊन मिळत नाही. मध्ये असलेली हवा. उन्हं चढली की तापलेली जमीन हवेला हलवते, आणि दोनशे मीटरवरचं हरीण पाण्याखाली असल्यासारखं थरथरतं. तिथे दहा लाखांची लेन्ससुद्धा ती थरथरच जास्त मोठी करून दाखवते.

इथपर्यंत सगळं इंजिनिअरिंग आहे. वजन, प्रकाश, किंमत आणि पोहोच यांच्यात तडजोड करायची असते, आणि तडजोडीचं रोजचं काम मला येतं. पण कुठे उभं राहायचं, हे यातला एकही कॉलम सांगत नाही.

मैदानावर दोरी असते

हा प्रश्न मला मैदानावर कधी पडला नाही, याचं आधी आश्चर्य वाटलं. रविवारी मी कंपन्यांच्या क्रिकेट लीगचे फोटो काढतो. तीच लेन्स, तोच १/२००० चा शटर स्पीड, तीच एका क्षणाची वाट बघणं. तिथे मात्र मनात कसलीही टोचणी नसते.

कारण तिथे दोरी असते. आंतरराष्ट्रीय पुरुष क्रिकेटमध्ये खेळपट्टीच्या मध्यापासून बाउंड्री किमान ६५ यार्डांवर, म्हणजे साधारण ५९ मीटरवर असावी लागते. फोटोग्राफर दोरीच्या बाहेर. ७० मीटरवरून ६०० मिमी लावली तर ४.२ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच फ्रेम मिळते. बॅट्समन, बॅटचा पूर्ण फिरलेला चाप आणि हवेतला चेंडू त्यात आरामात मावतात. प्रकाशझोतातल्या मॅचला व्यावसायिक फोटोग्राफर ४०० एफ/२.८ आणतात, कारण ती आपल्या एफ/६.३ च्या पाचपट प्रकाश घेते. पण पाचपट प्रकाशवाला आणि मी, दोघेही दोरीच्या बाहेरच. कुणी कितीही महागडी लेन्स आणली तरी अंतर बदलत नाही. शिवाय खेळाडूला माहीत असतं की त्याला पाहिलं जाणार आहे. तो त्यासाठीच उतरलेला असतो.

मैदानावर लेन्स फक्त एक तांत्रिक प्रश्न सोडवते. नैतिक प्रश्न दोरीने आधीच सोडवलेला असतो.

जंगलात, माळरानावर, जलाशयावर दोरी नसते. किंवा असते ती कागदावर. व्याघ्र पर्यटनासाठी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१२ साली मार्गदर्शक तत्त्वं काढली; त्यांत प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर ठेवायला सांगितलं आहे. वर केलेलं गणित आठवा: २० मीटरवरून ४०० मिमीमध्ये अख्खा वाघ फ्रेम भरतो. म्हणजे नियम पाळूनही पोटभर फोटो मिळतात. तरी ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवलं. व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. वन विभागाने चालक आणि गाइडवर कारवाई केली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

त्या दृश्यात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की इतक्या जवळून सहाशे मिलिमीटरचा उपयोगच नव्हता. वाघीण फोनमध्येही मावत होती. लांब लेन्स नव्हती म्हणून कुणी जवळ गेलं नव्हतं. जवळ जायचं होतं म्हणून गेले होते.

बंदुकीपासून किती लांब आलो?

कॅमेरा आणि बंदूक यांचं नातं नवीन नाही. एतियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८२ साली उडत्या पक्ष्यांचे फोटो काढायला जे यंत्र बनवलं, ते दिसायलाच बंदूक होतं: नळी, दस्ता, चाप सगळं. सेकंदाला १२ फ्रेम. आज आपण २० फ्रेम प्रतिसेकंदाच्या गप्पा मारतो, त्या गप्पांचा हा पूर्वज. सुझन सोंटागने १९७७ च्या ‘ऑन फोटोग्राफी’मध्ये सफारीतल्या बंदुकीचा कॅमेरा कसा झाला याकडे बोट दाखवलं आहे. आणि आपण मराठीतही ‘शूट’च म्हणतो.

पण या नात्याची एक बाजू कॅमेऱ्याच्या बाजूने बोलते, आणि ती सांगायला हवी. सालिम अली लहान असताना त्यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून ती कुठली हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि भारताला त्याचा पक्षीशास्त्रज्ञ मिळाला. त्या काळी पक्षी नीट ओळखायचा म्हणजे तो हातात घ्यावा लागे, आणि हातात घ्यायचा म्हणजे मारावा लागे. आज तोच पिवळा डाग २० मीटरवरून दिसतो आणि चिमणी जिवंत राहते. मारल्याशिवाय जाणून घेता येणं ही मोठी गोष्ट आहे. लांब लेन्सला सरसकट ‘नवी बंदूक’ म्हणणारे हे विसरतात.

मग लेन्स बंदुकीची वारस आहे की तिच्यातून सुटका? मला वाटतं दोन्ही होऊ शकते, आणि कुठली होणार हे त्या १० मीटरवर ठरतं.

इथे मला कांटची मदत झाली, जी अपेक्षित नव्हती. १७९७ च्या ‘नीतीचं तत्त्वज्ञान’ या अर्थाच्या ग्रंथात तो माणसामाणसांतल्या नात्याला भौतिकशास्त्राची उपमा देतो. भौतिक जगात जसं आकर्षण आणि अपकर्षण असतं, तसं माणसांत प्रेम आणि आदर. प्रेम जवळ जायला सांगतं. आदर अंतर राखायला सांगतो. दोन्हींपैकी एक जरी गेलं तरी नैतिक जगाचा तोल जातो. कांट हे माणसांबद्दल बोलत होता. प्राण्यांविषयी आपली थेट कर्तव्यं आहेत असं तो मानतच नव्हता. तरी त्याने दिलेलं हत्यार मी त्याच्या परवानगीशिवाय वापरतोय. कारण वाइल्डलाइफ फोटोग्राफर स्वतःबद्दल एकच वाक्य सांगत असतो: मला प्राण्यांवर प्रेम आहे. खोटं नाही ते. पण हा अर्धाच हिशोब झाला. आकर्षणाचा कॉलम भरलेला, अपकर्षणाचा रिकामा.

लांब लेन्स ही मला माहीत असलेली एकमेव वस्तू आहे, जी दोन्ही एकदम करू देते. डोळा जवळ जातो, पाय लांब राहतात. अट एकच, वाचलेलं अंतर प्राण्याला परत द्यायचं.

तो तुमच्याकडे बघतोय

आजच्या कॅमेऱ्यांत प्राण्याचा डोळा ओळखणारा ऑटोफोकस असतो. फांद्यांच्या गर्दीत पक्ष्याच्या डोळ्यावर छोटा चौकोन बरोबर जाऊन बसतो. आणि ज्या फोटोंना सगळ्यात जास्त लाइक्स मिळतात ते असेच: प्राणी थेट लेन्समध्ये बघतोय. ‘आय कॉन्टॅक्ट’.

पक्ष्यांच्या अभ्यासकांकडे यासाठी साधी मोजमापं आहेत. माणूस जवळ येऊ लागला की एका अंतरापर्यंत पक्षी आपलं खाणं-पिणं चालू ठेवतो. मग एका टप्प्यावर खाणं थांबवतो, मान वर करतो. ते सावध होण्याचं अंतर. आणखी जवळ गेलं की उडतो. ते पळण्याचं अंतर. दोन्ही मीटरमध्ये मोजता येतात, जातीगणिक आणि जागेगणिक बदलतात. हे कळल्यावर ‘आय कॉन्टॅक्ट’चा फोटो वेगळा दिसू लागतो. पुष्कळदा ती नजरभेट नसते. त्या प्राण्याचं काम थांबलंय आणि थांबवणारे तुम्ही आहात, याची ती नोंद असते. सावध होण्याचं अंतर ओलांडलं गेलं, त्याचा तारीख-वेळेसकट पुरावा.

भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर, हिवाळ्यात रोहित येतात. होडी घेऊन जावं लागतं. गेल्या जानेवारीत आमच्या होडीपासून साठेक मीटरवर पाऊणशे रोहित चिखलात चोच उलटी घालून चरत होते. नावाडी काकांनी मोटर बंद केली, बांबू हातात घेतला आणि अगदी सहज विचारलं,

“सर, उडवू का?”

“नको काका. चरू द्या.”

“उडताना पंख लाल दिसतात ना. सगळ्यांना तेच लागतं.”

“तुम्हाला काय वाटतं?”

ते जरा थांबले. “आम्हाला काय, सर. ते दिवसभर इथंच असतात. तुम्ही दोन तासांत जाणार. फोटो नाही मिळाला तर पुढच्या वेळी दुसरी होडी धरणार.”

थोड्या वेळाने दुसरी होडी आली आणि सरळ थव्याकडे गेली. पक्षी पाण्यावर धावत सुटले, उठले, लाल-काळे पंख उघडले. दृश्य देखणं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या होडीत एकाच्या हातात मोबाइल होता आणि दुसऱ्याच्या हातात सहाशेची लेन्स. मोबाइलवाल्याला जवळ जायचं होतं, कारण त्याच्याकडे पोहोच नव्हती. लेन्सवाल्यालाही जवळच जायचं होतं, कारण आता पिसं मोजता येतील एवढी पोहोच होती. इच्छेचा झूम फिरतच राहतो. त्याला लांबचं टोक नाही.

आणि काकांच्या बोलण्यात दोष काढायला मला जागा दिसत नाही. उडवण्याची मागणी होडीत बसणाऱ्याकडून येते. दोरी कुठे बांधायची हे पैसे देणारा ठरवतो, आणि बांबू मात्र काकांच्या हातात असतो.

मग जाऊच नये का?

हा आक्षेप रास्त आहे. आदरच करायचा तर घरी बसा. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वन अधिकाऱ्याने १९२० च्या दशकात जंगलवाटेवर तार लावून वाघाला स्वतःचाच फोटो काढायला लावला. १९२७ मध्ये त्याचं पुस्तकही आलं. आजचे व्याघ्रगणनेचे कॅमेरा ट्रॅप हे त्याच कल्पनेचे वंशज. माझ्या कुठल्याही लेन्सपेक्षा ते वाघाच्या जवळ असतात, आणि तिथे माणूस नसतो. ज्ञानासाठी फोटो हवा असेल, तर माझी गरजच नाही.

‘फोटोंमुळे जागृती होते’ हे उत्तर मी देणार नाही. ते थोडं खरं आहे आणि फार सोयीचं आहे. मी स्वतःला एक वेगळाच प्रश्न विचारून पाहिला: मेमरी कार्ड घरी ठेवून जायला सांगितलं, तर जाईन का? रोज नाही, पण जाईन. कारण कडबनवाडीच्या माळावर चिंकारा गवतात कान हलवत बसलेला दिसतो, तेव्हा आठवडाभर डोक्यात चाललेली बडबड बंद होते. हा माझा स्वार्थ आहे आणि तो कबूल करायला लाज वाटत नाही. शिवाय कुणीच गेलं नाही तर होडीवाले आणि गाइड यांच्यासाठी तो माळ आणि तो पाणथळ पट्टा जपण्याचं एक रोजचं कारण कमी होईल. जाणं वाईट नाही. कसं जायचं, हाच प्रश्न उरतो.

आणि त्यात एक पेच आहे. फोटो अंतराबद्दल काहीच सांगत नाही. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत, डेन्मार्कच्या एका वृत्तछायाचित्र संस्थेच्या फोटोग्राफरांनी तीच गर्दी लांब लेन्सने आणि रुंद लेन्सने टिपून दाखवली. लांब लेन्सच्या फोटोत लोक एकमेकांना चिकटलेले, दुसऱ्यात व्यवस्थित अंतर राखून उभे. लोक हलले नव्हते. दोन माणसं ३० आणि ४० मीटरवर असतील तर मागचा पाऊण आकाराचा दिसतो. तीच १०० आणि ११० मीटरवर असतील तर जवळपास सारखी दिसतात, म्हणून खेटून उभी वाटतात. हे खरं तर लेन्सचं काम नाही, आपण कुठे उभे आहोत त्याचं आहे. लेन्स फक्त तेवढा तुकडा कापून देते.

वाघाच्या चेहऱ्याच्या फोटोतही असंच होतं. तो २० मीटरवरून काढलाय की ४० वरून, हे इन्स्टाग्रामवर कुणाला कळत नाही. मागे सरकलात तर त्याचं श्रेय नाही, पुढे गेलात तर शिक्षा नाही. कुणी बघत नसताना पाळायचा नियम, अशी नैतिकतेची एक जुनी कसोटी आहे. इथे ती फारच शब्दशः लागू होते.

शेवटी कुठली घेतोय

टेबलाने शेवटी सहाशेपर्यंत जाणारा, एफ/६.३ चा झूमच निवडला; तो बहुधा कुणीही निवडला असता. पण झूम का आणि प्राइम का नाही, याचं माझं कारण आता बदललंय. आधी वाटायचं, १८०-२०० चं टोक म्हणजे सोय. आता वाटतं, ते टोक प्राण्यासाठी राखीव आहे. आपण गप्प बसून राहिलो तर कधीकधी तोच जवळ येतो. वीस मीटर, पंधरा मीटर. सहाशेच्या प्राइममध्ये तेव्हा मोठा प्राणी पूर्ण मावत नाही आणि माणूस धडपडतो, मागे सरकतो, आवाज करतो. झूम असेल तर मनगट फिरवलं की झालं. लांब टोक माझ्या मर्यादेसाठी, जवळचं टोक त्याच्या मर्जीसाठी.

बाकी नियम तीन. एक, त्याने खाणं थांबवलं की आपण थांबायचं, आणि थोडं मागे जायचं. फोटो मिळालेला असो वा नसो. दोन, घरट्यावर लेन्स नाही, आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं नाही. तीन, नावाडी आणि गाइड यांना टिप निघतानाच द्यायची, आणि सांगायचं की पक्षी उडाले नाहीत तरी चालेल, वाघ दिसला नाही तरी चालेल. टिप शेवटी दिली की ती फोटोची किंमत होते. आधी दिली तर ती त्यांच्या वेळेची किंमत होते आणि बांबू होडीतच राहतो.

याने माझे फोटो थोडे बिघडतील, याची तयारी आहे. पक्षी फ्रेममध्ये लहान येईल. आजूबाजूला गवत येईल, चिखल येईल, कुणाची तरी म्हैस येईल. पण त्या लहानशा पक्ष्याची चोच पाण्यात असेल, आणि तो माझ्याकडे बघत नसेल.